मढच्या दोन गोजरबाई

जुन्नरच्या पेठेत कांतीलालचं कापडाचं दुकान होतं. आजोबा मारवाडातून आले तेव्हापासूनचं. १९१० साली त्याच्या मेव्हण्यानं मुंबईहून एक जुना कॅमेरा पाठवला. लाकडी पेटी, तीन पायांची घोडी आणि काचेच्या प्लेटा. त्या दिवसापासून कांतीलालचं मन धोतरजोडीत रमेना.

माणसांना खुर्चीवर ताठ बसवून फोटो काढणारे पुण्यात पुष्कळ होते. कांतीलालला वेगळंच काही दिसायचं. बाजाराजवळ जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद होता. एका सकाळी त्यानं कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवला आणि हौदाच्या पाण्यात उलटा पडलेला शिवनेरी टिपायला बसला. तेवढ्यात एका बैलानं तोंड घातलं आणि सगळा गड डुचमळला. कांतीलालनं तोही फोटो काढला. फोटो कागदावर उतरल्यावर त्याची बायको सुंदरबाई तो उलटसुलट करून पाहत म्हणाली, “अहो, खऱ्या गडापेक्षा हा बरा. निदान हलतो तरी.”

सुंदरबाईचा हात फार हलका. मेंदी काढावी तशी ती काचेवर बारीक शिसपेन्सिल चालवायची आणि चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अलगद नाहीशी करायची. फोटो कांतीलाल काढी, पण माणसं खुलायची ती तिच्यामुळे.

मग कांतीलालनं एक युक्ती साधली. भिंगापुढं काळा पुठ्ठा असा धरायचा की प्लेटचा अर्धाच भाग उजळेल. मग पुठ्ठा दुसऱ्या बाजूला सरकवून उरलेला अर्धा उजळायचा. मधल्या वेळात माणसानं जागा बदलली की एका फोटोत तोच माणूस दोनदा. पहिला प्रयोग त्यानं स्वतःवर केला. डावीकडचा कांतीलाल गजानं कापड मोजतोय आणि उजवीकडचा कांतीलाल गिऱ्हाईक होऊन, नाक मुरडून, त्याच कापडाचं सूत तपासतोय. हा फोटो दुकानात लावल्यावर बाजारच्या दिवशी गर्दी व्हायला लागली. कापड घेणारे थोडे, बघणारेच जास्त.

त्या गर्दीत एके दिवशी मढची गोजरबाई आली. साठीची, उन्हानं रापलेली, भातखाचरात आयुष्य गेलेली. तिनं फोटो बराच वेळ पाहिला.

“शेट, एका मानसाचं दोन करता. दोन मानसांचं एक करता येतं का?”

कांतीलालला काही कळेना. मग तिनं सांगितलं. तिचे दोन मुलगे, सावळेराम आणि गेणू. सावळेरामच्या खाचरातलं पाणी गेणूनं बांध फोडून आधीच घेतलं, एवढ्यावरून दोघं तीन वर्षं बोलत नव्हते. घरात मधोमध कारवीच्या काठ्यांचा कूड घालून दोन घरं केली होती. म्हातारी सकाळी एकाकडं जेवायची, संध्याकाळी दुसऱ्याकडं.

“मला दोघांच्या मधी बसून फोटू काढायचाय. पन एका सतरंजीवर बसनार न्हाईत म्हनत्यात.”

“मग एकदम नका बसवू,” कांतीलाल म्हणाला. “एक बसेल तेव्हा दुसऱ्यानं बाजारात हिंडून यावं.”

पुढच्या बाजाराला तिघं आली, दोन गाड्यांतून. कांतीलालजवळ एकच प्लेट उरली होती. दुकानामागच्या अंगणात त्यानं सतरंजी अंथरली आणि समजावलं, “आजी, तुम्ही मोठ्याशेजारी बसा, मधल्या बाजूनं. धाकट्याच्या वेळी तो एकटाच बसेल. तुम्ही बाहेर थांबायचं. फोटोत तुम्ही आपोआप मधे याल.”

सावळेराम बसला. त्याचं मुंडासं वाकडं झालेलं पाहून म्हातारी चिडली. “नीट बांध, मेल्या,” असं म्हणेपर्यंत कांतीलालनं भिंगावरचं झाकण काढून दहा आकडे मोजले होते. मग सावळेराम बाहेर गेला आणि गेणू आत आला. मोठ्या सतरंजीवर एकटाच, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत नव्यानं आल्यासारखा बसला. कांतीलाल पाठमोरा होऊन पुठ्ठा सरकवत होता. दारातून पाहणाऱ्या गोजरबाईला लेकाचं ते एकटं बसणं बघवेना. ती गुपचूप आली आणि त्याच्याशेजारी टेकली. गेणूला हसू फुटलं, तिलाही. कांतीलालनं खिशातल्या घड्याळाकडं पाहत झाकण काढलं, दहा मोजले, झाकण लावलं आणि मगच मान वर केली.

“आजी, हे काय केलंत?”

“मी कुटं काय केलं? बसले फकस्त.”

अंधाऱ्या कोठीत, लाल कंदिलाच्या उजेडात काच धुतली तेव्हा दोन गोजरबाई शेजारीशेजारी उमटल्या. एक कपाळाला आठी घालून मोठ्या लेकाजवळ, एक हसत धाकट्याजवळ. कांतीलालनं डोक्याला हात लावला. “एक खरवडून टाक,” तो सुंदरबाईला म्हणाला.

सुंदरबाईनं काच उजेडाकडं धरून नीट पाहिली. “कोणती खरवडू? दोघी त्यांच्याच आया आहेत.” आणि तिनं पेन्सिल खाली ठेवली.

फोटो हातात आल्यावर गोजरबाई मात्र खूश झाली. “आसंच तर चाललंय माजं,” ती म्हणाली आणि फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी दोघे भाऊ दुकानात आले, एकाच गाडीतून. दोघांचीही तोंडं फुगलेली.

“शेट, ह्याच्याजवळ आई हसतीया आन माज्याजवळ कावलीया,” सावळेराम म्हणाला. “ह्ये बरूबर न्हाई. मी कुडावरनं ह्याला इचारलं, तर म्हनतो, तुजं मुंडासंच तसं व्हतं.”

“व्हतंच तसं,” गेणू म्हणाला.

तीन वर्षांचा अबोला मुंडाशावरून मोडला होता. आतून ऐकणाऱ्या सुंदरबाईला आठी पुसणं सहज जमलं असतं, पण तिनं पेन्सिलीला हात लावला नाही. कांतीलालही गंभीर चेहरा करून म्हणाला, “दोघांजवळ हसू पाहिजे, तर दोघांना एकदम बसावं लागेल. दुसरी युक्ती माझ्याजवळ नाही.”

माघात तो गवतात प्लेटा गुंडाळून मढला गेला. गावाखालच्या डोहाकाठी त्यानं तिघांना बसवलं. त्याला तिघंही हवी होती आणि पाण्यातली त्यांची प्रतिबिंबंही. पण वारा थांबेना, पाणी स्थिर होईना. तासभर गेला, मग दुसरा. उठायची सोय नव्हती. बसल्या बसल्या सावळेरामनं विचारलं, “औंदा पानी आदी कुनाच्या खाचरात सोडायचं?”

“तुज्या,” गेणू म्हणाला. “पन बांध मी बांधनार. तुजा बांध गळतो.”

गोजरबाई पाण्याकडं पाहत खुदकन हसली. त्याच वेळी डोह आरशासारखा थांबला आणि कांतीलालनं झाकण काढलं. फोटोत सहा माणसं आली, तीन काठावर आणि तीन पाण्यात.

कूड काही पाडला नाही. सुनांना आपापली चूल हवीच होती. पण त्यात एक दार पाडलं आणि म्हातारी वाटेल तेव्हा इकडून तिकडं जाऊ लागली.

मढची ही गोष्ट पार तळेघरापर्यंत गेली. पुढं वीस वर्षं लोक कांतीलालकडं नाना तऱ्हेच्या मागण्या घेऊन येत राहिले आणि त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही. वारूळवाडीच्या एका पैलवानाला स्वतःशीच कुस्ती खेळायची होती. कांतीलालनं तीही लावून दिली. फोटोत वरचा पैलवान जिंकताना दिसतो. पण तो पैलवान मात्र सगळ्यांना सांगायचा, “खालचाबी काय कमी न्हाई हां.”