फिरत्या सिलिंडरची रेघ

मद्रासला नोकरीला गेलो तेव्हा मी स्वतःला जरा जास्तच शहाणा समजत होतो. गिंडीतला आमचा छोटा कारखाना छपाईयंत्रांचे पोलादी सिलिंडर घासून द्यायचा. घासलेला सिलिंडर मोजून पास करणं हे माझं काम. घासायचे ते काका साठीला टेकलेले, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. मला ते ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. पुढे मात्र त्यांचा हात पाहिला आणि हसणं आपोआप बंद झालं. चाक सिलिंडरला टेकलं की ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकत आणि केसाच्या कितव्या भागावर थांबायचं ते ठरवत.

त्या वर्षी आयुधपूजेच्या आधी एक नवा सिलिंडर तयार झाला. क्रोम चढवलेला, असा लखलखीत की त्यात बघून भांग पाडावा. पूजेच्या दिवशी सगळ्या यंत्रांना गंध-कुंकू लागलं. गंधाची वाटी काकांनी माझ्याकडे दिली आणि ते केळीचे खांब बांधायला गेले. आमच्याकडे खंडेनवमीला मी हे काम आवडीने करायचो, त्यामुळे मला चेव चढला. तिथली माणसं यंत्राच्या सांगाड्याला एक ठिपका लावतात आणि घासलेल्या भागाला बोटही लावत नाहीत, हे मला कोण सांगणार? मी अंगठ्याने भरघोस गंध थापत सुटलो, नव्या सिलिंडरलाही. दुसऱ्या दिवशी हमालांनी सिलिंडरला वरून ग्रीस फासलं, पेटीत घातला आणि जॉर्ज टाउनमधल्या छापखान्यात पोचवला.

आठवड्याने छापखान्याचे मुदलाळी, म्हणजे मालक, कॅलेंडरचे कागद घेऊन तणतणत आले. छापलेल्या देवीच्या चेहऱ्यावर दर फेऱ्याला एक फिकट पट्टा उठत होता. आमच्या साहेबांनी कागद काकांपुढे टाकले. “वय झालं,” म्हणाले. सिलिंडर वाकडा निघाला तर काकांना घरी बसवायचं, हेही त्यांनी सर्वांसमोर सांगून टाकलं. काका आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिले.

मला राग आला. सिलिंडर मी मोजला होता, मापकाचा काटा हलला नव्हता! पण छापखान्यात मोजायचा कसा? काट्याची टोचणी क्रोमवर चरा पाडील म्हणून मुदलाळी ती जवळही आणू देईनात. मग मला कॉलेजातला एक प्रयोग आठवला. स्लाइड दाखवायचा दिवा मागून आणला, त्याच्या तोंडाशी दाढीची दोन ब्लेडं अगदी जवळजवळ बसवली आणि पुढे भिंग लावलं. त्या फटीतून आलेला उजेड सिलिंडरच्या गालावर पडणार आणि तिथून उसळून समोरच्या भिंतीवर रेघ उमटणार. सिलिंडर केसभर सरकला तर भिंतीवरची रेघ बोटभर सरकणार. कशाला हात लावायला नको.

भर दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावली. साहेब, मुदलाळी, काका आणि मी. आधी डाव्या टोकाला दिवा लावून यंत्र चालू केलं. एवढं धूड घरघरत फिरत होतं आणि भिंतीवरची रेघ जागची हलत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. गणित मला पाठ होतं, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. मग दिवा उजव्या टोकाला नेला. तिथे रेघ नव्हतीच. चांगला दोन बोटं रुंद उजेडाचा पट्टा थरथरत होता.

“बघा!” साहेब म्हणाले.

काका पहिल्यांदाच बोलले. “एक टोक शुद्ध, एक टोक वाकडं? माझं चाक एका दमात अख्खा सिलिंडर घासतंय, साहेब. ते उजवं टोक उघडूंया.”

सिलिंडर यंत्रात बसवताना त्या टोकाला कण्यावर दोन अर्ध्यांची पोलादी कडी आवळतात आणि ती बेअरिंगमध्ये फिरते. काकांनी स्वतः बोल्ट सोडले, कडी काढली आणि ग्रीस पुसलं. खाली कडीला एका बाजूने उचलून धरणारा, गंधाचा वाळून दगड झालेला पापुद्रा होता. त्यावर अंगठ्याचा ठसा होता, रुंद, मधोमध कापल्याचा वण असलेला. तो वण आजही माझ्या उजव्या अंगठ्यावर आहे.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पटकन रॉकेलचा बोळा त्यावर फिरवायला घेतला. साहेब अजून वाकलेही नव्हते. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. माझी नोकरी कच्ची होती. तरी मी काकांचं मनगट धरलं आणि म्हणालो, “साहेब, हे गंध मी लावलंय. हा माझा अंगठा.”

साहेबांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गंध पुसून कडी पुन्हा बसवली आणि यंत्र पूर्ण वेगात सोडलं. उजव्या टोकाचा पट्टा बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि रेघ होऊन थांबला. मुदलाळींनी नकळत हात जोडले.

काका भिंतीजवळ गेले. रेघेकडे, मग मागे फिरणाऱ्या सिलिंडरकडे, पुन्हा रेघेकडे. आयुष्यभर त्यांनी सिलिंडर घासले होते आणि आपलं काम असं कधीच पाहिलं नव्हतं.

“काका, मला माफ करा,” मी म्हणालो. “माझ्यामुळे तुमची नोकरी जात होती.”

“नोकरीचं काय, तंबी,” ते रेघेवरून नजर न काढता म्हणाले. “माझा हातच गेला असं धरून मी बसलों होतों. काल बायकोला सांगितलों, आतां मला चाकाजवळ जायला भय वाटतंय.”