शनिवारचं वजन

काट्यावर चढण्याआधी अण्णा अंगावरचं एकेक उतरवायचे. आधी चपला. मग टोपी आणि टोपीत खोचलेलं दाभण. मग कोपरीच्या खिशातला सुतळीचा गुंडा, चुन्याची डबी, घराची किल्ली. शेवटी कोपऱ्यात जाऊन तोंडातली तंबाखूसुद्धा थुंकून यायचे. मी म्हणायचो, "अण्णा, तंबाखूचं काय वजन येतंय?"

"येतंय गड्या," ते अगदी गंभीरपणे म्हणायचे. "काटा आपला-परका बघत न्हाई."

असा जड, सावकाश, स्वतःच्या देहाची चेष्टा हसून घेणारा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. जरा आठवून बघा. आणि ती चेष्टा चाललेली असताना आपण कुठं उभे होतो, तेही आठवा. मी तर काट्याला खेटून उभा होतो.

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात मी तोलाईदार होतो. हमालानं पोतं काट्यावर टाकलं की वजन करायचं आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे माझं काम. मग त्या पोत्याचं तोंड अण्णा शिवायचे. दिवसभर बसून सुतळी ओढायची, त्यात भाकरी खाण्याचा हात सैल. पोट एवढं सुटलेलं की पोतं नीट पुढ्यात घेता येत नसे. हमाल ते तिरकं धरायचे आणि अण्णा लांबूनच हात घालून टाके मारायचे. टाका मात्र असा पडायचा की पोतं माडीवरून टाकलं तरी दाणा बाहेर येणार नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, खाऊन माणसं वाळून खारीक झाली होती आणि अण्णा होते एकशे सोळा किलो. "दुष्काळात गावोगाव वाटलेली सुकडी हितंच येऊन पडली व्हय?" असं म्हणत मी त्यांच्या पोटावर थाप मारायचो. हमाल खो खो हसायचे. अण्णाही हसायचे. बाजारात हशा पिकवायचा मान माझा होता. त्याला लागणारं पोट अण्णांचं होतं.

दिवाळीनंतर त्यांच्या बेंबीपाशी हर्निया निघाला. डॉक्टरांनी तपासलं आणि बजावलं, ऑपरेशनला पर्याय नाही, पण एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत. नव्वदच्या आत या, मग टेबलावर घेतो. तोवर पट्टा बांधा. मध्येच आतडं अडकलं तर मात्र जिवावर बेतेल.

अण्णा दवाखान्यातून सरळ दुकानात आले. घाबरले होते, पण तोंडावर हसू होतं. म्हणाले, "गड्या, दुसऱ्याच्या पोत्याचं टाकं मी घालतो. माझं टाकं धरत न्हाईत म्हनं. दर शनिवारी मला तोलायचं. नव्वद झालं की सुटलो."

आणि गडी कामाला लागला! पहाटे उठून हरिपूरपर्यंत चालत जायचं, चालत यायचं. येताना कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या दहा वेळा चढायच्या, दहा वेळा उतरायच्या. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या फेरीला पायरीवरच बसले, तर कुणीतरी भिकारी समजून पुढ्यात केळं ठेवलं. ते केळं त्यांनी खाल्लं नाही. दुकानात आणून मला दिलं. गूळ बंद, तेल बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. गुळाचे सौदे चालायचे तिथून जाताना टोपी काढून नाकावर धरायचे. "वासानंबी चढतंय," म्हणायचे.

घरी ते आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. वहिनी उकडलेली कोबी, मुगाचं पाणी आणि मोजून एक भाकरी फडक्यात बांधून द्यायच्या. स्वतःही तेच खायच्या. "त्यास्नी वास नगं म्हणून मी फोडणीच घालत न्हाई," असं एकदा मला म्हणाल्या होत्या.

संक्रांतीपर्यंत अण्णा एकशे पाचवर आले. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. दुकानावर येणारे शेतकरी विचारायला लागले, "अण्णा, काय खाता, काय करता?" व्यापारी खुर्ची सोडून त्यांच्याशी बोलायला यायचे. माझ्या विनोदांना आता कुणी फारसं हसत नव्हतं. खरं तेच सांगतो: मला ते सोसलं नाही. ज्याच्या जिवावर मी हसवत होतो, त्यालाच लोक मान देत होते आणि मला आतून जळायला होत होतं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी हमालांनी भजी-चहाची पैज लावली, गुळाच्या पोळीनं अण्णांचं वजन चढणार की नाही. अण्णा काट्यावर चढले. मी काट्याच्या फळीच्या कडेवर पायाचा अंगठा ठेवला आणि जरा दाबला. एवढंच. एकशे सात!

काय हशा उसळला म्हणून सांगू! अण्णांचं तोंड एवढंसं झालं. मग तेही हसले. "अर्धीच पोळी खाल्ली हुती रं," म्हणाले. दोन हमालांनी माझा अंगठा बघितला होता. ते तोंडाला टॉवेल लावून हसत होते.

आईची शपथ घेऊन सांगतो, शेतकऱ्याच्या मालाला मी जन्मात कधी अंगठा लावला नाही. लावला तो फक्त अण्णांना.

आता तुम्ही म्हणाल, एकदा गंमत झाली, सोडून द्यायची. मीही तसंच ठरवलं होतं. पण पुढच्या शनिवारी अंगठा काढला असता तर एका आठवड्यात चार किलो उतरले असते. अण्णा काय खुळे होते? वीस वर्षं काट्याशेजारी बसलेला माणूस. म्हणून पुन्हा दाबला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. कधी भीतीपोटी, कधी, लाज वाटते सांगायला, नुसताच हशासाठी. अंगठ्याला काही खुणा नसतात. आपण किती दाबतोय, तीन किलो की सात, हे हळूहळू मलाच कळेनासं झालं. अण्णांचं खरं वजन बाजारात कुणालाच माहीत नव्हतं, तोलाईदारालासुद्धा.

ते घाटाच्या वीस फेऱ्या करायला लागले. भाकरी अर्धी झाली. गालफडं बसली, कोपरी अंगावर लोंबायला लागली आणि काटा म्हणत होता सत्त्याण्णव.

एकदा ते पाहुण्यांकडं मिरजेला गेले होते. स्टेशनवर नाणं टाकून वजन करायचं यंत्र असतं ना, त्यावर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिकीट घेऊन माझ्याकडं आले. एका बाजूला नटीचं चित्र, दुसऱ्या बाजूला एक्क्याण्णव किलो.

"ह्ये एक्क्याण्णव म्हनतंय. तुजा काटा सत्त्याण्णव. खरं कुठलं?"

बघा, देवानं दार उघडून दिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी तिकीट उलटंपालटं केलं आणि म्हणालो, "खेळणं हाय ते, अण्णा. नटी बघायची आणि फेकून द्यायचं."

"तेच म्हनलं मी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तिकीट फाडून टाकलं.

माझ्या काट्यावर त्यांचा एवढा विश्वास. मग चूक कुणाची? पोटात काही जात नाही, पाय दुखेस्तोवर चालतो, तरी वजन हलत नाही, म्हणजे कुणीतरी अन्नातच काहीतरी घालतंय. आणि अन्न शिजवणारी एकच. हळूहळू अण्णा वहिनींवर संशय घ्यायला लागले. मुगात तेल सोडतेस, पिठात दाण्याचं कूट मिसळतेस. एक दिवस तर म्हणाले, "मी टेबलावर जाऊ नये असं वाटतंय व्हय तुला? मरू दे असं वाटतंय?" हे त्यांनीच मला सांगितलं, पोतं शिवता शिवता. मी आकडा पुकारत राहिलो. त्यांनी घरचं जेवण सोडलं. गोदामामागं तीन विटा मांडून स्वतःच कोबी उकडायला लागले.

मग एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. बाईमाणूस बाजारात सहसा येत नसे. पदराखाली तेलाची बरणी होती.

"भावजी, तुमचं त्ये ऐकत्यात," त्या म्हणाल्या. "मी चोरून तेल घालती म्हनत्यात. ही बगा बरणी. दोन म्हैन्यामागं भरली, तशीच हाय. तुमी तोला, अन त्यास्नी सांगा. माजं न्हाई, काट्याचं तरी खरं मानतील."

 मी म्हणालो, "वहिनी, हा पोत्यांचा काटा. ह्याच्यावर एवढं बारीक वजन येत न्हाई."

हे खरं होतं. आयुष्यात इतकं खरं बोलून इतकं खोटं मी दुसऱ्यांदा वागलो नाही. त्यांनी बरणी परत पदराखाली घेतली आणि गेल्या. त्याच आठवड्यात त्या साताऱ्याला भावाकडं निघून गेल्या.

त्या गेल्याचं कळलं त्या रात्री मी जेवलो नाही. ठरवलं, दर शनिवारी आकडा अर्ध्या-अर्ध्या किलोनं उतरू द्यायचा, म्हणजे कुणाला कळणार नाही. बघा तरी, तेव्हाही माझी पहिली काळजी कुणाला कळू नये हीच होती.

वैशाखात एका सकाळी पोतं शिवताना अण्णा पोट धरून आडवे झाले. हर्निया अडकला होता. तोंड घामानं डबडबलेलं, दाभण तसंच पोत्यात. सगळे धावले. हातगाडी आणली. आमच्यातला सगळ्यात दणकट हमाल पुढं झाला. रोज शंभर-शंभर किलोची पोती वाहणारा तो माणूस. त्यानं अण्णांना दोन्ही हातांवर उचललं आणि तिथंच थबकला.

"आरं, शनवारी किती सांगितलंस? पंच्याण्णव?" त्यानं मला विचारलं. "माजं हात काय खुळं हायत व्हय? ऐंशीच्या वर न्हाई ह्यो मानूस!"

 अण्णांचे डोळे उघडे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ते माझ्या तोंडाकडं बघतील. पण त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं.

ऑपरेशन झालं आणि ते वाचले. दोन महिन्यांपूर्वीच का आला नाहीत, असं डॉक्टर म्हणे रागावले. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. तोंड कुठलं घेऊन जाणार?

शेवटी तेच आले. काठी टेकत दुकानात आले आणि आपलं दाभण मागितलं. ते साताऱ्याला चालले होते, वहिनींकडं. तिथंच काहीतरी काम बघणार होते. बाहेर लिंबाखाली मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, "अण्णा, माझी चूक..."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तू चेष्टा केलीस. बाजारात चेष्टा चालतीच. पर पंचवीस वर्सं जिनं जेवाय घातलं, तिचं मी खरं मानलं न्हाई आन तुज्या काट्याचं मानलं. ह्ये तुजं न्हाई गड्या. ह्ये माजं हाय."

"मी येतो साताऱ्याला. वहिनींना सगळं सांगतो."

"नगं. मी सांगीन काय सांगायचं त्ये. तू येऊ नगंस."

आणि मला हायसं वाटलं. होय, हायसं वाटलं! बाकी सगळ्याची लाज वाटतेच, पण त्या सुटल्यासारख्या श्वासाची सगळ्यात जास्त वाटते.

चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं. तापाचं निमित्त झालं होतं. तेरावा होऊन गेल्यावर मी एस.टी.नं साताऱ्याला गेलो. आता सांगायचंच, असं वाटेत चार वेळा घोकलं होतं. घर सापडलं. वहिनींनी ओळखलं. त्यांचे भाऊ, भावजय, शेजारचे दोघंतिघं बसले होते. आग्रह करून मला जेवायला बसवलं.

"ह्येच त्ये सांगलीचं दोस्त," वहिनी सगळ्यांना म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "ह्येंनी दर शनवारी तोललं, धीर दिला, म्हनून वजन उतरलं, म्हनून आपरेशन झालं. त्ये समद्यास्नी सांगायचे. दोस्तामुळं चार वर्सं जगलो म्हनायचे. मीच येडी, तवा रुसून हितं आले. भावजी, तुमचं लय उपकार हायत."

सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. भावानं तर हात जोडले. घोकलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी वर बघितलं.

"उपकार कसले, वहिनी," मी म्हणालो.

"असं कसं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली.