द्वारकाताईंच्या वहीतली स्वीडिश नावं

खराडीच्या आमच्या ऑफिसात शिरायचं तर आधी गेटवर सिक्युरिटीच्या द्वारकाताईंच्या टेबलावर बॅग उघडावी लागते. मी आठ वर्षं रिसेप्शनला बसते, रोज त्यांच्याशी चार शब्द बोलते, तरी माझा डबा त्या आजही उघडून बघतात. एकदा मी वैतागून विचारलं, भेंडीच्या भाजीत मी काय दडवून आणणार आहे? त्यावर शांतपणे म्हणाल्या, "ते भाजी हलवल्याशिवाय कसं कळंल?"

हा संशय त्यांनी नोकरीत कमावलेला नाही, मांजरी गावाहून बरोबर आणलेला आहे. आई गेली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या आणि भाऊ तेजस चार वर्षांचा. वडील दिवसभर उसात, घर यांच्यावर. शेजारीण आमटी घेऊन आली तरी ती का आली असेल याचा विचार आधी, आमटी नंतर. बघायला आलेल्या पहिल्या दोन स्थळांत त्यांना खोट दिसली. तिसरं आलंच नाही. तेजसला मात्र त्यांनी शिकवलं. तो इंजिनिअर झाला आणि बायकोला, रुपालीला घेऊन स्वीडनला गेला. द्वारकाताईंनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही. एकच हक्क धरून बसल्या होत्या. भावाच्या लेकराचं नाव आत्या ठेवते, आणि या लेकराला आत्या एकच होती.

मुलगी झाली, पण अपुऱ्या दिवसांची. महिनाभर ती दवाखान्यात राहिली, त्यामुळे बाराव्या दिवसाचं बारसं हुकलं. पुढे दर रविवारी तेजस फोनवर विचारायचा, नाव ठरलं का. ठरलंय, वेळ आली की सांगेन, असं त्या म्हणायच्या आणि सोमवारी माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या.

"सारखं इचारतोय म्हंजे तिकडं नाव ठेवून मोकळा झालाय, मॅडम. मला वाईट वाटू नये म्हनून नाटक चाललंय."

मी म्हटलं, विचारून टाका की सरळ. चोराला विचारून चोरी सापडते का, असा चेहरा त्यांनी केला. मग एक शंभर पानी वही काढली आणि मला कामाला लावलं. स्वीडनमध्ये मुलींची कोणती नावं जास्त ठेवतात ते मी मोबाइलवर शोधायचं, अर्थासकट सांगायचं आणि त्यांनी लिहून घ्यायचं. अशी चाळीस नावं झाली. अर्थापुढे त्यांचा शेरा. आल्मा, म्हणजे पोषण करणारी: 'रुपाली फोनवर आ म्हणून थांबली.' फ्रेया, तिकडची एक देवी: 'देवीचं म्हणून आपल्या गळी उतरवतील.' आस्त्रिद, देवासारखी सुंदर: 'रुपालीच्या जिभेला वळणार नाही.' लिव्ह, म्हणजे जीवन: 'दोन वेळा पाळण्याजवळ कुजबुजले.' मला हसू यायचं, आणि खरं सांगते, त्या हसू द्यायच्या नाहीत.

एका रविवारी फोनवर बाळाच्या टोपीवर विणलेलं इंग्रजी व्ही अक्षर दिसलं. सोमवारी वहीत 'वेरा' या नावाभोवती लाल पेनाने गोल होता, शेजारी 'हेच.' जेवल्या नव्हत्या. ज्याला मांडीवर वाढवला त्याने एवढंही ठेवलं नाही माझ्यासाठी, असं म्हणाल्या आणि बॅगा तपासायला निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी साहेबांचीही बॅग दोनदा उघडली.

तिसरा महिना सरत आला आणि पुरावा हाती लागला. तेजसने पाठवलेल्या एका फोटोत बाळामागच्या टेबलावर कसलंसं सरकारी पत्र होतं. जेवणाच्या सुट्टीत द्वारकाताईंनी फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. नाव नोंदवल्याचा कागद आहे, वाचा म्हणाल्या. मी मोबाइलवर भाषांतर केलं आणि तेच वाक्य दोनदा वाचलं.

"ताई, यात लिहिलंय की तुमच्या मुलीचं नाव अजून आमच्याकडे आलेलं नाही. जन्मापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. शेवटचा दिवस शुक्रवार."

त्यांना पटलं नाही. फोटो त्यांनी स्वतः हातात घेतला, सरकवत सरकवत कोपऱ्यापर्यंत नेला आणि तिथे थांबल्या. पत्राच्या खाली तेजसच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ताईला परत विचारणे.'

त्या खुर्चीत बसल्या. आठ वर्षांत रिसेप्शनवर मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, आता फोन करा आणि ठरवलेलं नाव सांगून टाका, अजून दोन दिवस आहेत.

"ठरवलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं कुठलं ठेवलंय तेच हुडकत बसले."

मलाच लाज वाटली. चाळीस नावं शोधून द्यायला मी होते, आणि तुमच्या मनात कुठलं आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

फोन त्यांनीच लावला. तिकडे सकाळ होती. त्या टोपीचं त्यांनी आधी विचारलं, सवय जात नाही. खालच्या मजल्यावरच्या व्हिक्टरची जुनी टोपी, शेजारणीने दिलेली, तेजस म्हणाला. मग रुपालीने बाळाच्या कानाशी फोन नेला, कारण नाव आत्यानेच कानात सांगायचं असतं. द्वारकाताईंनी पदर डोक्यावर घेतला, गेटकडे पाठ केली आणि तोंडापुढे हात धरून फोनमध्ये पुटपुटल्या, "वेरा."

 पलीकडे रुपाली हसली, बाळाला त्याच नावाने हाक मारली. तेजस म्हणाला, "छान आहे, ताई. तिकडचं नाव तू ठेवशील असं वाटलं नव्हतं. अर्थ काय त्याचा?"

द्वारकाताईंना अर्थ पाठ होता.  तरी वही उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवली, त्या लाल गोलावर बोट ठेवलं आणि मान फिरवली.

मी फोन घेतला आणि वाचून दाखवलं, "विश्वास."