दोन रीडर, एकच चिप

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण सगळे त्याला भोंगाच म्हणत. माणूस लाख, आवाज सव्वा लाख! बायको तर त्याच्याही वरचढ. दोघांच्या मधे सापडलेली त्यांची एकुलती एक पोरगी. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं, आणि घरात तिला तोंड उघडायला फट मिळेना. "बाबा, मला—" म्हटलं की बाबा सुरू. "आई, अगं—" म्हटलं की आई सुरू. शेवटी बापाला गाठायला ती थेट धुलाईच्या कारखान्यात गेली. तिथले कापडातल्या चिपा वाचणारे रीडर त्यानंच बसवले होते.

तिथं वेगळाच घोळ. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलचे टेबलक्लॉथ, प्रत्येकाला नखाएवढी चिप शिवलेली. शेजारी-शेजारी दोन टेबलं, दोन रीडर. रीडरनं हाक मारायची, चिपनं ओ द्यायची, की कापड मोजलं गेलं. पण आज निम्म्या चादरी हजेरीच देईनात! मुकादम डोक्याला हात लावून उभा. आणि या शहाण्या भोंग्यानं काय करावं? दोन्ही रीडरांचा जोर वाढवला! जित्याची खोड, दुसरं काय? मोजलेल्या चादरी आणखी घटल्या, आणि भिंतीशी उभ्या मुकादमाचा चिप शिवलेला डगला मात्र हॉटेलच्या मालात जमा झाला.

तेव्हा कुठे भोंग्याची ट्यूब पेटली. त्यानं जोर उतरवला, मधे पत्र्याचा आडोसा लावला आणि पाळ्या ठरवून दिल्या. हा बोलेल तेव्हा तो गप्प. चादरी पटापट मोजल्या जाऊ लागल्या.

"बघ पोरी!" तो गरजला. "चिप बिचारी ओ देतच होती. हे दोघं एकदम बोंबलणार, तर तिचा एवढासा आवाज ऐकणार कोण?" पोरगीनं भुवया उंचावल्या. तिच्या तोंडाकडे बघता बघता त्याची गाडी अडखळली. "तू... कशाला आली होतीस गं?"

"घरी सांगते. दोघांना एकदम."

जेवताना त्यानं बायकोला बजावलं, आज आपण दोघं गप्प. "मी? मी मेली कधी बोलते?" हे तिनं बराच वेळ ऐकवलं आणि मग गप्प बसली. इतकी शांतता झाली की पोरगीच बिचकली. मग तिनं नोकरीचं सगळं सांगितलं. भोंग्याचं तोंड उघडलं. बायकोनं वाढायचा डाव उगारला, तसं मिटलं.

"मला जायचंय," पोरगी म्हणाली, "पण पाय निघत नाही. दिवसभर तुम्ही दोघं बोलता ते माझ्याशी. एकमेकांशी कुठे बोलता? मी गेल्यावर काय कराल?"

 भोंगा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा आवाज उतरवून बायकोला म्हणाला, "जाऊ दे ना तिला? तुला काय वाटतं?"

बायकोनं डाव खाली ठेवला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "जरा जवळ सरका."