तुरीवरची हिरवी बाई

भिवराबाईनं आपल्या सासरच्या गावचा हिवाळा पहिल्यांदा बघितला तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. पण दसरा झाला की ट्रॅक्टर दाराशी यायचा, गोधड्या, भांडी, कोंबड्या वर चढायच्या आणि तीही नवऱ्याच्या जोडीनं कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात जायची. परत यायची ती रान करपून गेल्यावर. त्यामुळं आष्टीपासून बारा किलोमीटरवरचं हे माळावरचं गाव तिच्या लेखी उन्हाचं आणि पावसाचंच होतं. इथंही सकाळी थंडी पडते, तळ्यावरून धूर निघतो, हे तिनं सासूच्या तोंडून नुसतं ऐकलेलं.

मागच्या हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना तिचा पाय सटकला. गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली आणि डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर ओझं उचलायचं नाही. उसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या वर्षी तिचा नवरा अजिनाथ एकटाच, अर्धा कोयता म्हणून, भावकीतल्या एकाबरोबर निघाला.

"जातो मग," ट्रॅक्टरच्या चाकावर पाय ठेवून तो म्हणाला.

"जावा. सांजच्याला फोन करा."

"तुला करमंल का?"

करमतं की नाही, हे बघायला तिला आजवर सवड मिळालीच कुठं होती?

गाव रिकामं झालं. गल्लीत कुलपं लटकली. राहिली ती म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेरडं. पत्र्याच्या घरात भिवराबाई आणि तिची सासू दगडाबाई अशा दोघीच. पंचवीस वर्षांत दोघी एकत्र राहिल्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच, तेही कामाच्या धबडग्यात. हिवाळ्यातली सासू भिवराबाईला ठाऊक नव्हती. ही बाई सकाळी उन्हाला बसून स्वतःशीच जात्यावरच्या ओव्या म्हणते, हेही तिला आत्ता कळलं.

घराच्या अंगालाच त्यांची दीड एकर तूर होती. बांधाजवळची ओळ तर दारापासून चार पावलांवर. तूर पिवळ्या फुलांनी भरून आली होती, मधमाश्या घुमत होत्या. भिवराबाई खुर्चीत बसायची, पाय समोरच्या पाटीवर ठेवायची आणि बघत राहायची. पहिले आठ-दहा दिवस हात नुसते शिवशिवत होते. मग हळूहळू हातांनी हट्ट सोडला. दुपारी ऊन असं मऊ व्हायचं, की आपण जाग्या आहोत की डुलकी लागली, तिचं तिलाच समजायचं नाही.

अशाच एका दुपारी तुरीच्या एका पानानं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

भिवराबाई दचकली. डोळे चोळून पुन्हा बघितलं. पान नव्हतंच ते. बोटाएवढा लांब हिरवा किडा होता. पुढचे दोन पाय छातीशी दुमडलेले, कुणी हात जोडून उभं असावं तसे. तोंड त्रिकोणी, आणि दोन्ही कडांना टपोरे डोळे. ती डावीकडं कलली, तसं त्यानंही तोंड तिकडं फिरवलं. उजवीकडं कलली, तर उजवीकडं.

"आत्याबाई, इकडं या बरं! ह्यो किडा मान फिरवून बघतोय."

दगडाबाई काठी टेकत आली. तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. तीस वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मिळालेला, बाटलीच्या बुडासारखा. तो काढला की तिला समोरचा माणूस नुसता धुरासारखा दिसे.

"हे व्हय," ती वाकून म्हणाली. "आमी ल्हानपनी देवाचं घोडं म्हनायचो ह्याला. गरीब जनावर हाय. हात जोडून उबं ऱ्हातंय बघ."

ती असं म्हणते न म्हणते तोच एक मधमाशी शेजारच्या फुलावर बसली. जोडलेले हात सुटले आणि परत मिटले. कधी सुटले ते दोघींनाही दिसलं नाही. मधमाशी त्या काटेरी हातांत धडपडत होती, आणि देवाचं घोडं तिचं डोकं कुरतडत होतं, कणीस खावं तसं, शांतपणे.

"अगं बया," दगडाबाई म्हणाली. "गरीब न्हाई की हे."

खाऊन झाल्यावर त्यानं एकेक हात तोंडाशी नेऊन चाटून स्वच्छ केला. मग त्याच हातानं डोळ्यावरून, तोंडावरून पुसलं. जेवून उठलेली एखादी नीटनेटकी बाईच. तेव्हापासून भिवराबाई तिला 'हिरवी' म्हणू लागली.

अजिनाथला हे सांगायचं तर कसं सांगायचं? भिवराबाईकडं लेकीचा जुना मोबाईल होता. लेक ऋतुजा तेलगावला दिलेली. नवा घेतल्यावर जुना तिनं आईला देऊन टाकला होता. भिवराबाईनं फोटो काढले. सगळ्यात नुसता हिरवा धुरळा. जवळ नेलं की चित्र विरघळायचं, लांब धरलं की हिरवी पानांत हरवायची. दोन दिवस ती खटपट करत होती. तिसऱ्या दिवशी दगडाबाई तोंड धुवायला बसली आणि चष्मा काढून तिनं सुनेच्या मांडीवर ठेवला. भिवराबाईनं सहज खाली बघितलं. भिंगाखाली लुगड्याच्या काठाचा एकेक धागा सुतळीएवढा दिसत होता.

तिनं चष्मा उचलला, एक भिंग मोबाईलच्या डोळ्यापुढं धरलं आणि खुरडत तुरीपाशी गेली. चार-पाच बोटांवर आल्यावर पडद्यावर एकदम ते तोंड उमटलं. डोळे मुगाच्या रंगाचे, आणि प्रत्येकात एक काळा ठिपका, थेट तिच्यावर रोखलेला. हातावरच्या काट्यांची रांग करवतीच्या दातांसारखी. मिशा सुताहून बारीक. सबंध जग बाजूला सरून त्या भिंगात फक्त हिरवी आणि ती, दोघीच उरल्या.

"भिवरे! माझं डोळं दे आदी!" मागनं दगडाबाई ओरडली. "कुटं बसू, कुटं उटू, काय दिसंना मला!"

त्या संध्याकाळी तो फोटो अजिनाथला गेला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. मागं कोप्यांमधला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्यांमधला, चुलींचा, भांड्यांचा, माणसांचा गलका होता.

"हे काय पाटवलंस? मशीन हाय का जनावर? समदी कोपीफुडं गोळा झाल्यात. टोळीतला उत्तरेश्वर म्हनतोय, ह्ये परदेशातलं हाय. खरं सांग, कुटनं घेतलंस?"

"आपल्या तुरीवर हाय," भिवराबाईनं सांगितलं. "दारात."

"दारात?" पलीकडनं दोन-तीन आवाज एकदम आले.

मग रोजचाच शिरस्ता पडला. दुपारी दगडाबाई चष्मा काढून द्यायची आणि शेजारी बसायची. भिंग एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात, भिवराबाई श्वास रोखून वाकायची. हात हलला की चित्र गेलं. वाऱ्याची झुळूक आली की थांबायचं. पण हिरवी वारा नसतानाही हलायची; मागं-पुढं, मागं-पुढं, जणू तिच्यापुरताच वारा सुटलाय. ते बघता बघता भिवराबाईही तिच्या तालावर डुलू लागायची आणि मग ध्यानात आलं की एकटीच हसायची. दुसरीकडं उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवून आलेली माणसं विचारायची, "अजिनाथ, आज हिरवीनं काय केलं?"

एकदा एक बारकासा, काटकुळा नर तिच्या मागं येऊन थांबला. दुपारभर तो इंचाइंचानं सरकत होता. हिरवीनं मान वळवली की तो जागीच गोठायचा. शेवटी तो तिच्या पाठीवर चढला. थोड्या वेळानं हिरवीनं मागं वळून त्याचं डोकं धरलं आणि खायला लागली. भिवराबाईच्या अंगावर काटा आला. पण त्याहून नवल म्हणजे डोकं गेलं तरी नर सुटला नाही, त्याचं अंग आपलं काम करतच होतं.

"काय चाललंय? सांग की," दगडाबाईनं विचारलं.

भिवराबाईनं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला पोटात लई भूक असंल. अंडी घालायची हायती तिला."

हा फोटो पाठवावा की नको, भिवराबाई संध्याकाळपर्यंत विचार करत होती. मग पाठवला. फडावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणे, आणि पुरुष उठून बिड्या ओढायला गेले. अजिनाथ एवढंच म्हणाला, "जेवलीस का तू?"

मार्गशीर्षात एके दिवशी हिरवी तुरीच्या ताटावर, जाड उभ्या काडीवर, उलटी लटकली. पोट फुगून टम्म झालेलं. तिच्या शेपटातून पांढरा फेस येऊ लागला. शेपूट डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरवत ती तो फेस थरावर थर रचत होती. मागं वळून एकदाही बघत नव्हती. नुसत्या चाचपण्यानं घर बांधत होती. भिवराबाई गुडघ्याचं दुखणं विसरून ताटापाशी बसून राहिली. दगडाबाई तिच्या खांद्याला टेकून बसली होती, डोळे मिटून.

"आता?"

"आता फेस वर चाललाय, आत्याबाई. वळकटीवानी. तिचं शेपूट थांबंना."

"आनी आता?"

"आता बी तेच. लई सावकाश."

ऊन कललं. तुरीची सावली दोघींच्या अंगावरून सरकली. भिवराबाईला सत्तावीस वर्षांची ती स्वतः आठवली. गर्भपिशवी काढून टाक, हंगामात पाळीचा त्रास नको, असं सगळ्याच बाया म्हणायच्या आणि सगळ्याच काढायच्या. तिनंही काढली होती आणि पंधरा दिवसांत फडावर उभी राहिली होती. त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती, आजही बोलली नाही. पण दगडाबाईनं न विचारताच तिचा हात आपल्या हातात घेतला.

"माजा अज्या फडातच झाला," म्हातारी म्हणाली. "पाचटावर. कुनी बघितलं न्हाई. हिला बघाया तू तरी हायस."

दिवस मावळला तरी हिरवी लटकूनच होती. फेस वाळून तपकिरी झाला, बोराएवढा. पुढं आठवडाभर ती ताटावर मंदपणे हिंडली, माशी समोर आली तरी हात उचलेना. एका सकाळी भिवराबाई गेली तर दवात भिजलेलं तुरीचं पान होतं, हिरवी नव्हती. तिनं सबंध ओळ धुंडाळली. मातीवर एक पंख सापडला, तो तिनं उचलला नाही.

संक्रांतीला ऋतुजा आली, ती आजीला आष्टीला घेऊन गेली आणि नवा, हलका चष्मा करून आणला. जुना भिवराबाईला मिळाला. पुढं तूर काढायला आली. शेजारच्या धुळाजीनं विळा लावला तेव्हा दगडाबाई काठी आडवी धरून उभी राहिली.

"येवढं ताट ऱ्हाऊ दे."

"कशापायी?"

"आमचं सामान हाय त्याच्यावर."

धुळाजीनं तिच्याकडं, मग ताटाकडं बघितलं आणि न समजून मान हलवली. रिकाम्या रानात ते एकच ताट उभं राहिलं.

होळीच्या आधी, ऊन चढायच्या वेळी, त्या तपकिरी गाठीतून धाग्यांना लटकत पिल्लं उतरू लागली. मुंगीएवढी, पिवळसर, पारदर्शक. दहा, वीस, मग मोजता येईनात. एकमेकांच्या अंगावरून सरकत ती खाली लोंबली, लोलकासारखी हलली आणि थोड्या वेळात प्रत्येकानं आपापले हात छातीशी दुमडले. भिवराबाईनं दोनच फोटो काढले आणि मोबाईल खाली ठेवला. मुंग्या आल्या, काही पिल्लं गेली. उरलेली बांधाच्या गवतात पांगली. तिनं त्यांना हाकललंही नाही, जपलंही नाही. दोघी सासू-सुना नुसत्या बघत बसल्या, ऊन डोक्यावर येईपर्यंत.

गुडघा पूर्ण वळत नाही अजून. पण पुढच्या दसऱ्याला भिवराबाई टोळीबरोबर गेलीच, मोळी उचलायला नव्हे, दहा-बारा कोयत्यांचा स्वयंपाक करायला. पहिल्याच आठवड्यात उत्तरेश्वरची बायको मोहिनी कोपीच्या दारात आली. तिच्या ओंजळीत काहीतरी होतं, आणि ती ओंजळ अंगापासून लांब धरून उभी होती.

"वैनी, पाचटात घावलं. नुसतं डोळंच हायती ह्याला. बघा की."

भिवराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "उजेडात चल. हलवू नको त्येला."