सणसवाडीच्या गेटवर दुसऱ्यांदा

आमच्या शिरूरच्या घरात पुस्तकांआधी कामगार संघटनेची पत्रकं आली. आप्पा ती लिहायचे, मी प्रुफं तपासायचे, आणि दहावीनंतर मीच लिहू लागले. त्यामुळे सणसवाडीच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांवर शोधनिबंध लिहायला घेतला तेव्हा आपल्याला लिहिता येतं, याबद्दल मला शंकाच नव्हती. नियतकालिकानं तो परत पाठवला. दोन महिन्यांत सुधारून द्या, नाहीतर विषय संपला. मी मात्र त्या कामगारांना शब्द देऊन बसले होते की तुमचं म्हणणं छापून येईल.

म्हणून दर रविवारी एसटीनं दौंडला जाऊ लागले. तिथं एक निवृत्त प्राध्यापिका कॉलेजच्या एका वर्गात आम्हा सात-आठ जणांची कार्यशाळा घ्यायच्या, फुकट. त्यांचा नियम एकच होता. ज्याचा निबंध असेल त्यानं गप्प बसायचं, वाचणार दुसराच कुणी. एका शब्दाचाही खुलासा करायचा नाही. "वाचकाच्या शेजारी तू बसणार आहेस का?" मॅडम विचारायच्या.

माझा निबंध वाचला मालगाडीवरच्या गार्डनी. ते नोकरी करता करता बाहेरून एम.ए. करत होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. वेळापत्रक वाचावं तसे ते वाचत गेले. माझी धगधगती वाक्यं त्यांच्या तोंडून थंड होऊन बाहेर पडत होती. मधेच ते थांबले, पानं मागं उलटली.

"ताई, चौथ्या पानावरचा ह्यो लातूरचा आन् नवव्यावरचा बिहारचा, एका ताटात जेवत्यात व्हय?"

मी तोंड उघडलं. मॅडमनी बोट वर केलं.

"न्हाई, दोघं बी एकच वाक्य बोलल्यात. 'आमच्या घामावर यांची इमारत उभी आहे.'"

ते वाक्य माझं होतं, माझ्या पत्रकातलं. मी नेहमीप्रमाणे आधी कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटली होती आणि मग वही काढून प्रश्न विचारले होते. त्या भल्या माणसांनी माझंच वाक्य मला परत केलं होतं.

"हे तर पत्रकातलं वाक्य वाटतंय. पत्रकाचीच मुलाखत घेतलीस की गं," मागून कुणीतरी म्हणालं.

वाक्य खोटं नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण बोलायचं नव्हतं, आणि त्या गप्प बसण्यातच मला कळलं की मी त्यांना काही विचारलेलंच नाही. मॅडम रागावल्या नाहीत. "परत जा," एवढंच म्हणाल्या.

रिकाम्या हातांनी सणसवाडीला गेले. बिहारचा कामगार खोलीच्या पायरीवर बसला होता. "आज पर्चा नहीं लाईं?" त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर जरा सरकून त्यानं जागा करून दिली. म्हणाला, "मैडम, पानी का टाइम और ड्यूटी का टाइम कभी मिलता नहीं." घरमालकाच्या नळाला पाणी संध्याकाळीच. सेकंड शिफ्टवाला तेव्हा कामावर, त्याला थेंब मिळत नाही. म्हणून फर्स्ट शिफ्टच्या बदल्यात माणसं सुपरवायझरकडून धोक्याचं मशीन मागून घेतात. हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं. लातूरच्याचं दुखणं तर आणखी वेगळंच निघालं.

निम्मा निबंध खोडला. आप्पांनी नवा वाचला. "राग कुठं गेला?" म्हणाले. नळाचं पान मात्र बाजूला काढून ठेवलं, आणि गेटवरच्या पुढच्या सभेची तारीख विचारली.

दौंडला मामांनी परत वाचलं. त्याच पानावर थांबले, तो परिच्छेद स्वतःशीच पुन्हा वाचला आणि पुढं गेले. "पाठव," मॅडम म्हणाल्या.

निबंध स्वीकारला गेला. शेवटची प्रुफं घेऊन मी आधी सणसवाडीला गेले. वाचायला लातूरच्याला दिलं. तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत गेला, बिहारचा ऐकत होता. मी गप्प बसले.

"प्रेस नहीं," धोक्याच्या मशीनचं वाक्य आलं तसा बिहारचा मधेच म्हणाला, "वो शियरिंग मशीन है, पत्रा काटने वाली. उँगली उसी में जाती है."

मी पेन्सिल काढली.