पाहुणा जेवला काय?

आमच्या सरांच्या क्लासमध्ये सात कॉम्प्युटर होते आणि त्यांतल्या सातव्याला उगाच हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. चोंढीच्या नाक्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर हा क्लास होता. सहा मशीन भिंतीला ओळीने लावलेली, आणि सातवं खिडकीशी एकटं, सरांची जुनी लुंगी पांघरून बसलेलं. त्याच्यावर गाणी नाहीत, गेम नाहीत, प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर तर नाहीच नाही. दुकानातून आलं तसं कोरं. सर त्याला 'पाहुणा' म्हणत. कोणी प्रोग्राम लिहून "सर, झाला!" असं ओरडलं, की सर खुर्चीतून न उठता विचारायचे, "पाहुणा जेवला काय?" म्हणजे तो प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून त्या कोऱ्या मशीनवर चालवून बघितलास का? नसेल, तर अजून काहीच झालेलं नाही.

"आपल्या घरात सगळंच चालतं," ते म्हणायचे. "घरच्याला ठाऊक असतं, मीठ कुठल्या फळीवर हाय. परक्या घरी चालला तर तो प्रोग्राम."

त्यांची दुसरी खोड म्हणजे केर. संध्याकाळी क्लास बंद करताना सातही मशीनच्या कचरापेट्या, म्हणजे काढून टाकलेल्या फाईली जिथे पडून राहतात त्या, ते स्वतः उघडून रिकाम्या करत. आम्ही हसायचो. कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याला काय वास येतो? पण सर एकदा लाईट गेली म्हणून पाऊण तास अंधारात बसून राहिले. लाईट आल्यावर सातही पेट्या रिकाम्या केल्या आणि मगच जिना उतरले. "केर तसाच ठेवून झोपायचं न्हाय," एवढंच स्पष्टीकरण.

सर मूळचे रेवसकडच्या कोळीवाड्यातले. न्हावा शेव्याला बंदरात कंटेनरचे नंबर टिपायची नोकरी होती. तिथल्या कॉम्प्युटरवर बघून बघून ते प्रोग्रामिंग शिकले आणि मग चांगली चालती नोकरी सोडून क्लास काढून बसले. वाड्यात लोकांनी त्यांना शहाण्यात कधीच धरलं नाही. कोळ्याचा पोर पाण्यावर जात नाही आणि पगारावरही जात नाही, मग हा करतो तरी काय? मी तिकडची नव्हे. आमची शेती, घर चोंढीच्या अलीकडे, आगरी माणसं आम्ही. बीएस्सी आयटी झाले होते, नोकरी नव्हती, आणि कॉलेजात तीन वर्षांत जे कोणी सांगितलं नाही ते या माणसाने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं.

मी प्रोग्राम लिहायचा एडिटर उघडून बाहेरची एक लायब्ररी वापरायला बसले होते. चित्रं काढायची लायब्ररी. कोणीतरी लिहून ठेवलेलं तयार काम, आपण फक्त आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यायचं. माझं जोडलं जात नव्हतं. पडद्यावर लाल ओळींचा नुसता पूर. सरांनी एक ओळ वाचली आणि म्हणाले, "पत्रिका छापलीस, माणूस बोलवलाच नाहीस."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली. "हे बघ प्राची. हेडर म्हणजे लग्नाची पत्रिका. कंपायलर पत्रिका वाचतो, म्हणतो, मामांचं नाव हाय, बरं. पण पत्रिकेत नाव छापलं म्हणून मामा मांडवात आला काय? मामा कुठल्या गावात ऱ्हातो, ते लिंकरला, जोडणाऱ्याला, सांगावं लागतं. एडिटरच्या सेटिंगमधे तीन गोष्टी लिहायच्या. पत्रिका कुठे ठेवलीय, मामाचं गाव कुठलं, आणि मामाचं नाव काय. तिन्ही लिहिल्यास?"

मी दोनच लिहिल्या होत्या. तिसरी लिहिली आणि लाल पूर ओसरला. मी "झाला!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "थांब. काही मामा लग्नापुरते येतात आणि परत आपल्या गावी जातात. ही डीएलएल फाईल त्यातली. प्रोग्राम जिथे जिथे जाईल तिथे ह्या मामाला बरोबर न्यावं लागतं. त्याला प्रोग्रामच्या शेजारी, त्याच फोल्डरमधे बसवलंस तरच पाहुणा जेवेल." हे मी इतकं सविस्तर लिहितेय, कारण पुढे कोणी म्हणायला नको की मला हे ठाऊक नव्हतं. मला हे अगदी नीट ठाऊक होतं.

क्लास हे सरांचं पोट होतं, पण जीव दुसरीकडे होता. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. शाळेत न गेलेला म्हातारासुद्धा होडीत उभ्या उभ्या हे गणित करतो आणि समुद्रावर ते बरंचसं जुळतं. पण वाड्याच्या खाडीच्या मुखाशी गाळ साचत चालला होता, पाणी आत यायला उशीर करायचं, आणि किती उशीर ते पाऊणपट सांगत नव्हती. सर आठ वर्षं रोज धक्क्यावर जात होते. हातात खुणा पाडलेली एक बांबूची काठी. पाण्यात काठी उभी करायची, घड्याळ बघायचं, वहीत आकडे लिहायचे. पावसात, तापात, सरांची बायको, आमची वहिनी, माहेरी बाळंत होती त्या दिवशीसुद्धा. या आकड्यांवर त्यांनी प्रोग्राम लिहिला होता. तो सांगायचा, आज अमुक वाजता मुखावर एवढं पाणी, एवढ्या मोठ्या होडीने आत यावं, त्याहून मोठीने थांबावं.

पण आकड्यांकडे कोण बघतो? होडीवाल्याला चित्र पाहिजे. खाडी, गाळ, त्यावर चढणारं पाणी. ते चित्र काढायचं काम सरांनी मला दिलं. चार महिने मी ते केलं आणि चांगलं केलं, हे मला लिहू द्या. वैशाखात वाड्यातल्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत तो प्रोग्राम दाखवायचा ठरला. सोसायटीने घेतला असता तर धक्क्यावरच्या ऑफिसात रोज तो चालू राहिला असता. आठ वर्षं ज्या काठीला लोक हसले, त्या काठीचं म्हणणं लोकांनी ऐकलं असतं. सरांना दुसरं काही नको होतं.

सभेच्या आदल्या दिवशी माझ्या चुलतबहिणीची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. लग्नाला नाही गेलं तर चालतं, हळद चुकली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. दुपारपासून फोन येत होते. आणि पाहुण्यावर प्रोग्राम उघडेना. फाईल सापडत नाही, म्हणे. मी डीएलएल शेजारी ठेवली होती, पण चुकीची, दुसऱ्या प्रकारची ठेवली होती. हे शोधायला शांत अर्धा तास लागला असता. माझ्याकडे तो नव्हता, किंवा मी तो दिला नाही. इंटरनेटवर कोणा दीडशहाण्याने लिहिलं होतं, ती फाईल सरळ विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाका, सगळं चालेल. मी बरोबर फाईल उचलली, पाहुण्याच्या पोटात टाकली, आणि चाललं. कोरं मशीन आता कोरं राहिलं नव्हतं. घरच्यासारखं झालं होतं.

सर खालून चहा पिऊन वर आले. मी ओढणी सावरून जिन्यापाशी उभी.

"पाहुणा जेवला काय?"

"जेवला, सर."

त्यांनी लुंगी बाजूला करून स्वतः एकदा चालवून बघितलं. पाणी गाळावर चढताना बघितलं. "चांगलं केलंस गं," म्हणाले. मी हळदीला गेले आणि मनसोक्त नाचले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सभा. अष्टमी होती. पाऊणपटीने सहाला भरती, आणि त्या पाण्यावर होड्या बाहेर काढायच्या होत्या, म्हणून माणसं चुळबुळत बसलेली. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पेनड्राइव्ह लावला. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर एक छोटी पांढरी चौकट आली. फाईल सापडत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तीच चौकट. मला त्याच क्षणी कळलं. बरोबर फाईल चोंढीला पाहुण्याच्या पोटात होती. जाऊन येऊन तास लागला असता. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, चूक माझी आहे, तासभर थांबा. मी ओढणीच्या टोकाला गाठ मारत बसले.

"काल पाहुण्याकडं चालला होता," सर म्हणाले. कोणाला काही कळलं नाही. "कसं काय... काल चालला होता."

सरांचा धाकटा भाऊ मागे दाराशी उभा होता. त्याची स्वतःची होडी होती. तो मोठ्याने म्हणाला, "दादा, आमची पाऊनपट बरी हाय. तिला लाईट नको नं बटन नको." सभा हसली. चेअरमन घड्याळाकडे बघत उठले. "सर, पुना कवातरी बघू. पानी काय आपल्यासाठी थांबत न्हाय." दहा मिनिटांत खुर्च्या रिकाम्या झाल्या. सरांनी पेनड्राइव्ह काढला, टोपण लावलं, खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लासला गेले, पाय ओढत. सर म्हणाले, "एक फाईल ऱ्हायली होती. माझंच चुकलं, मीच बघायला पायजे होतं." पाहुण्याकडे मग कसं चाललं होतं, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. मी मनात म्हटलं, सुटले. मला सुटल्याचा आनंद झाला होता, हे मला आता लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. ती फाईल पाहुण्यावरून काढायचीही मला हिंमत झाली नाही. मी त्या खिडकीकडे फिरकेनाशी झाले.

सर दुरुस्त केलेला प्रोग्राम घेऊन सोसायटीत तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. वाड्यात 'फाईल सापडत नाही' ही म्हण होऊन बसली. कोणाची चप्पल हरवली तरी पोरं सरांकडे बघून तेच म्हणायची.

मी दीड महिन्याने नवी मुंबईतल्या एका कंपनीच्या मुलाखतीला निघाले. तो भरती-ओहोटीचा प्रोग्राम माझं काम म्हणून अर्जात लिहिला होता. सरांकडे शिफारसपत्र मागितलं. निर्लज्जपणाला आमच्याकडे बरेच शब्द आहेत, ते वाचकांनी आपापले वापरावेत. सरांनी फळीवरचा चांगला कागद काढला आणि शाईच्या पेनाने सावकाश लिहून दिलं. मला नोकरी लागली.

वर्षभरात क्लास बंद झाला. सर परत न्हावा शेव्याकडे एका यार्डात, ठेकेदाराच्या हाताखाली कंटेनरचे नंबर टिपायला लागले. दोन पावसाळे गेल्यावर त्यांच्या भावाची होडी पाऊणपटीच्या हिशेबाने आत शिरताना मुखाशी गाळात बसली आणि ओहोटीत कलंडली. माणसं वाचली, होडी गेली. मी हे फोनवर ऐकलं आणि विषय बदलला. एकदा दिवाळीत सरांच्या घरी गेले, तर ती बांबूची काठी अंगणात दोन खुंट्यांवर आडवी बांधलेली, तिच्यावर कपडे वाळत होते. वहिनीच्या हातचे बोंबील खाल्ले, सरांनी ऑफिसचं विचारलं, मी सांगितलं. सांगायचं ते सांगितलं नाही. पुढच्या वेळी, म्हटलं.

ऑफिसात मी हल्ली नव्या मुलांना एडिटर लावायला शिकवते. पत्रिका, मामा, मांडव, सगळं. मुलं हसतात, चटकन समजतात. एक मशीन मी कोरं ठेवलंय आणि "पाहुणा जेवला का?" हे आमच्या मजल्यावर सगळे विचारतात. मॅडमची आयडिया, असं म्हणतात. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

या फाल्गुनात सर गेले. यार्डात छातीत कळ आली, एवढंच. तेराव्याला वहिनीने मला माजघरात बोलावलं. कोपऱ्यात लुंगी पांघरलेलं ते मशीन. "क्लास मोडला तवा सगली विकली. यो इकला न्हाय," ती म्हणाली. "प्राचीला द्यायचा, असा बोल्ले व्हते."

घरी आणून मी ते लावलं. बराच वेळ घरघर करून उघडलं. आधी सिस्टिम फोल्डर बघितला. माझी फाईल तिथे नव्हती. मग कचरापेटी उघडली. तिच्यात एकच फाईल होती, माझी. शेजारी काढून टाकल्याची तारीख असते. सभेच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळचे सव्वानऊ.

म्हणजे मी संध्याकाळी पाय ओढत जिना चढले, त्याच्या आधीच सरांना सगळं कळलेलं होतं. आणि एवढासा केर उद्यावर न टाकणाऱ्या माणसाने हा एक केर इतकी वर्षं रिकामा केला नव्हता. माझ्यासाठी ठेवला होता. एक शब्द बोलले असते, वाड्यासमोर माझं नाव घेतलं असतं, थोबाडीत मारली असती, तर मी आज बरी असते.

मग मी कपाटातून ते शिफारसपत्र काढलं. त्यात चारच वाक्यं आहेत. शेवटचं सरांच्या सरळ अक्षरात असं आहे, 'दिलेलं काम ती तपासून पूर्ण करते.' त्याखाली सही, आणि सहीखाली तारीख. सभेनंतर दीड महिन्याची.

परवा ऑफिसात एक नवी मुलगी ओरडली, "मॅडम, झाला!" आणि मी विचारीन म्हणून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "जेवला मॅडम, खरंच जेवला." मी उठले आणि तिच्याआधी त्या कोऱ्या मशीनपाशी जाऊन बसले.